पॉलिसीवरचे नाव आणि घरातले वारस



वणीसारख्या बाजारपेठेच्या गावात आयुर्विम्याची पॉलिसी बहुधा मार्च महिन्यात जन्माला येत असे. आयकर भरणारा व्यापारी, आधी कलम ८८ आणि पुढे कलम ८०सी यांची सवलत पदरात पाडून घेण्यासाठी, वर्षअखेरीस विमा प्रतिनिधीला दुकानातच बोलावून घेई. समोर गिऱ्हाईक बसलेले, लुगड्यांच्या घड्या उलगडलेल्या, मुनीम वसुलीची वही घेऊन उभा, अशा घाईत छापील अर्जावर चार ठिकाणी सह्या होत. 'वारस कोणाला लावायचे?' असे प्रतिनिधीने विचारले की अविवाहित मुलगा 'आई' असे सांगे, एकत्र कुटुंबातला धाकटा 'मोठे भाऊ' म्हणे, आणि एखादा कोणाचेही नाव न देता 'नंतर बघू' म्हणून पुढच्या सहीकडे वळे. एका श्वासात दिलेले ते उत्तर पॉलिसीवर टंकलिखित होऊन येई आणि तो कागद घरच्या तिजोरीत, दागिन्यांच्या डब्याखाली, वीस-पंचवीस वर्षे पडून राही. कापडाच्या मीटरमागे रुपयाचा फरक पडला तर सुरतेच्या पेढीला दोनदा फोन करणारा माणूस हा कागद मात्र पुन्हा उघडून पाहत नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय तेवढाच आहे. पॉलिसीवरचे ते नाव, ते केव्हा बदलावे, कसे बदलावे आणि न बदलल्यास घरात काय घडू शकते.

प्रथम एका शब्दाचा उलगडा करणे आवश्यक आहे. बोलीभाषेत 'पॉलिसीला वारस लावला' असे म्हटले जाते. कायद्याच्या दृष्टीने हा शब्दप्रयोग चुकीचा आहे. वारस कोणी लावू शकत नाही. तो जन्माने, विवाहाने अथवा दत्तकविधानाने होतो. अर्जावर जे लिहिले जाते त्यास नामनिर्देशन म्हणतात आणि ज्याचे नाव लिहिले तो नामनिर्देशित, म्हणजेच नॉमिनी. जैन समाजास उत्तराधिकाराच्या बाबतीत हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागू आहे. त्या कायद्यान्वये मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या पुरुषाची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सर्व पहिल्या वर्गाचे वारस असून त्यांचा हिस्सा समान असतो. वडील या वर्गात येत नाहीत, ही गोष्ट अनेकांना ऐकून आश्चर्य वाटते. तेव्हा घरातले वारस चार आणि पॉलिसीवरचे नाव एक, अशी स्थिती बहुसंख्य घरांत आहे. रक्कम कोणाची, या प्रश्नाचा सारा गुंता या दोहोंच्या मधल्या फटीत आहे.

नामनिर्देशनाची तरतूद विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ३९ मध्ये आहे. स्वतःच्या जीवनावर विमा उतरविणाऱ्यास पॉलिसी घेतेवेळी अथवा तिची मुदत पूर्ण होण्यापूर्वी केव्हाही एक किंवा अनेक व्यक्तींचे नामनिर्देशन करता येते आणि केव्हाही ते रद्द करता येते किंवा बदलता येते. त्यासाठी आधीच्या नामनिर्देशित व्यक्तीची संमती लागत नाही, तिला कळविण्याचेही बंधन नाही. मूळ हेतू साधा होता. विमाधारक निवर्तल्यावर विमा कंपनीने रक्कम कोणाच्या हाती द्यावी, एवढे ठरावे आणि कुटुंबास पहिल्याच महिन्यात न्यायालयाची पायरी चढावी लागू नये. ही रक्कम पुढे कोणाच्या मालकीची, हा प्रश्न त्या कलमाच्या मूळ शब्दांत स्पष्टपणे सुटलेला नव्हता.

तो सुटला १९८३ साली. दिल्लीकडील एका गृहस्थांचे जून १९६७ मध्ये मृत्युपत्र न करता निधन झाले. त्यांच्या प्रत्येकी दहा हजार रुपयांच्या दोन पॉलिसी होत्या आणि दोहोंवर पत्नीचे नाव होते. मागे आई, पत्नी आणि मुलगा असे तीन वारस. संपूर्ण रक्कम आपलीच, असे पत्नीचे म्हणणे. तिसरा-तिसरा हिस्सा आमचा, असे आईचे आणि मुलाचे. 'सरबती देवी विरुद्ध उषा देवी' या नावाने ओळखला जाणारा हा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ६ डिसेंबर १९८३ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की नामनिर्देशित व्यक्ती ही केवळ रक्कम स्वीकारणारी आहे. तिने पावती दिली की विमा कंपनी मोकळी होते, परंतु रकमेची वाटणी उत्तराधिकार कायद्यानुसारच व्हावयाची. वीस हजार रुपयांसाठी एका घरातील सासू आणि सून सोळा वर्षे समोरासमोर उभ्या राहिल्या. रकमेपेक्षा ही सोळा वर्षे अधिक महाग पडली असणार.

या निर्णयानंतर सुमारे तीन दशके अशी समजूत रूढ झाली की पॉलिसीवर नाव कोणाचेही असो, बिघडत काही नाही. वारसांना आपला हिस्सा शेवटी मिळतोच. विमा प्रतिनिधी हेच सांगत, वकीलही हेच सांगत, आणि त्या काळापुरते ते बरोबरही होते.

पुढे मात्र कायदा बदलला आणि ही गोष्ट बाजारपेठेत अजून पुरेशी पोहोचलेली नाही. विधी आयोगाने २००४ सालच्या आपल्या १९० व्या अहवालात नामनिर्देशित व्यक्तींचे दोन प्रकार करावेत असे सुचविले होते: एक केवळ रक्कम गोळा करणारा आणि दुसरा तिचा खरा लाभधारक. त्यानंतर विमा कायदे (सुधारणा) अधिनियम, २०१५ संमत होऊन २६ डिसेंबर २०१४ पासून अमलात आला. त्यान्वये कलम ३९ मध्ये नवी तरतूद आली. विमाधारकाने आपले आई-वडील, पती किंवा पत्नी अथवा मुले यांपैकी कोणाचे नामनिर्देशन केले असेल, तर ती व्यक्ती रकमेची लाभधारक समजली जाईल. या तारखेनंतर देय होणाऱ्या सर्व पॉलिसींना हा नियम लागू आहे. पॉलिसी १९९५ सालची असली तरीही. भाऊ, बहीण, पुतण्या, भाचा, सून, नातू यांचा या यादीत समावेश नाही. त्यांचे नाव असल्यास ते पूर्वीप्रमाणेच वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारे राहतात.

याचा अर्थ उदाहरणाने पाहणे बरे. समजा, एका तरुणाने बावीसाव्या वर्षी, लग्नाआधी, दहा लाखांची पॉलिसी घेतली आणि आईचे नाव दिले. सत्ताविसाव्या वर्षी लग्न झाले, दोन अपत्ये झाली, दुकान वाढले. नाव बदलायचे राहून गेले, कारण कोणाच्या मनातच ते आले नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी सापुतारा रस्त्यावर अपघात झाला. जुन्या समजुतीप्रमाणे आई, पत्नी आणि दोन मुले यांना अडीच-अडीच लाख मिळावयाचे. सुधारित कलमाचे शब्द सरळ वाचले, तर दहाही लाख आईचे. आई समंजस असेल तर ती नातवंडांसाठीच ते वापरील, यात शंका नाही. परंतु आई पंच्याहत्तर वर्षांची आहे. ती मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या नावावरची रक्कम तिच्या सर्व मुलगे-मुलींमध्ये वाटली जाईल. मृत मुलाची मुले तेथे आपल्या वडिलांच्या एका हिश्शापुरती येतील आणि विधवा सून त्या यादीत नसेलच. ज्या मुलाने आपल्या बायकापोरांसाठी वीस वर्षे हप्ते भरले, त्याच्या पैशाचा मोठा भाग दीर-नणंदांकडे जाईल. त्यात कोणाची लबाडी नाही, कोणाचा दोषही नाही. एक जुना कागद तेवढा तसाच राहिला.

हे केवळ कल्पनेतले नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठासमोर नेमके असेच प्रकरण आले. विमाधारकाने अविवाहित असताना एकोणीस लाख आणि दोन लाख अशा दोन पॉलिसी घेऊन आईचे नामनिर्देशन केले होते. नंतर विवाह झाला, मूल झाले, नाव मात्र तेच राहिले आणि २०१९ मध्ये त्याचे निधन झाले. पत्नी आणि तान्हे मूल एका बाजूस, आई दुसऱ्या बाजूस. २०२५ मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला की कलम ३९ मधील सुधारणेने उत्तराधिकार कायदा बाजूला सारला जात नाही आणि वारसांनी हक्क सांगितल्यास वाटणी त्या कायद्यानुसारच होईल; आई, पत्नी आणि मूल यांना प्रत्येकी एक तृतीयांश. कलमाचे शब्द एक सांगतात आणि एका उच्च न्यायालयाने त्यांचा अर्थ दुसरा लावला. ज्या घराला हा निर्णय मिळाला त्याला पाच-सहा वर्षे वाट पाहावी लागली. कायद्याचे हे दोन अर्थ समोर असताना शहाण्या माणसाने आपल्या घराचे भवितव्य त्यांच्यावर टाकू नये. विमाधारक हयात असताना एका अर्जाने जे होते, ते त्याच्या पश्चात वकीलपत्र देऊन करावे लागते.

आता सर्वांत नाजूक भाग. नाव बदलणे म्हणजे आईचे नाव काढणे, आणि हे शब्दच तोंडातून निघत नाहीत. ज्या आईने विधवापण सोसून मुलाला दुकानावर बसविले, तिचे नाव खोडून बायकोचे लिहिले असे नातलगांत कळले तर काय वाटेल, या संकोचानेच अनेक पॉलिसी तशाच राहिल्या आहेत. हा संकोच खोटा नाही, त्याला हसण्याचे कारण नाही. परंतु कलम ३९ एकाच नावाचा आग्रह धरीत नाही. आई आणि पत्नी अशी दोन्ही नावे देता येतात आणि प्रत्येकीच्या नावापुढे हिश्शाची टक्केवारी लिहिता येते. आईच्या औषधपाण्यास पुरेल इतका भाग आईचा, मुलांच्या शिक्षणास लागेल इतका पत्नीचा, असे ठरविले तर कोणाचेही नाव खोडले जात नाही. घरात एकापेक्षा अधिक पॉलिसी असल्यास एक आईच्या आणि दुसरी पत्नीच्या नावे ठेवण्याचा मार्गही सोपा आहे. हा विषय चारचौघांसमोर नव्हे, तर आई आणि सूनबाई दोघींसमोर, एकाच वेळी काढावा. सासूला मागाहून कळले की त्याचा अर्थ वेगळाच होतो.

आईचे निधन झाले असेल तर निराळा प्रश्न उभा राहतो. एकमेव नामनिर्देशित व्यक्ती विमाधारकाच्या आधीच गेली असेल, तर रक्कम विमाधारकाच्या वारसांना किंवा कायदेशीर प्रतिनिधींना देय होते आणि तेथे न्यायालयाकडून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणण्याची वेळ येऊ शकते. घरातील मोठे माणूस गेल्यावर सातबारा, बँक, गॅस, वीजजोडणी यांवरची नावे आठवणीने बदलली जातात. पॉलिसी त्या यादीत सहसा नसते. अज्ञान मुलाचे नाव दिले असेल, तर त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणारी सज्ञान व्यक्ती नेमावी लागते. मूल अठरा वर्षांचे झाले की त्या नेमणुकीचे काम संपते. मुलींच्या पॉलिसीकडे तर कोणाचेच लक्ष नसते. लग्नापूर्वी वडिलांचे नाव दिलेली नोकरदार मुलगी सासरी जाते, आडनाव बदलते, पॉलिसीवर मात्र जुने आडनाव आणि वडिलांचे नाव तसेच राहते. विवाहाने नामनिर्देशन आपोआप बदलत नाही आणि घटस्फोटानेही ते आपोआप रद्द होत नाही.

व्यापाऱ्यांच्या दृष्टीने तीन गोष्टींचा विशेष विचार व्हावयास हवा.

पहिली गोष्ट कर्जाची. दुकानाच्या कॅश क्रेडिटसाठी बँका मालाच्या तारणासोबत आयुर्विम्याच्या पॉलिसीही आपल्या नावे करून घेत. यास कलम ३८ खालील हस्तांतरण, म्हणजे असाइनमेंट, म्हणतात. २०१५ पूर्वीच्या कायद्याप्रमाणे पॉलिसी बँकेच्या नावे झाली की त्यावरचे नामनिर्देशन त्याच क्षणी रद्द होई. खुद्द विमा कंपनीकडूनच घेतलेल्या कर्जाला तेवढा अपवाद होता. पुढे कर्ज फिटे, बँक पॉलिसी परत करी, व्यापारी ती तिजोरीत ठेवी. नामनिर्देशन नव्याने करावयास हवे होते, हे कोणी सांगत नसे. सुधारित कायद्याने ही अडचण दूर केली. आता कर्जापोटी केलेल्या हस्तांतरणाने नामनिर्देशन रद्द होत नाही. फक्त कर्जाच्या रकमेपुरता बँकेचा हक्क आधी लागतो. परंतु नव्वदच्या दशकात बँकेकडे जाऊन आलेली पॉलिसी ज्यांच्या घरी असेल, त्यांनी तिच्या पाठीमागचे शिक्के अवश्य वाचावेत. पहिल्या पानावर पत्नीचे नाव ठळक छापलेले असेल आणि मागच्या पानावरील हस्तांतरणाने त्याचा अंमल कधीच संपलेला असेल, असे सहज घडू शकते.

दुसरी गोष्ट एकत्र कुटुंबाच्या पैशाची. सुधारित कलमातच एक पोटवाक्य आहे. विमाधारकाला आपल्या हक्काच्या स्वरूपामुळे असा लाभ देताच आला नसता, असे सिद्ध झाल्यास नामनिर्देशित व्यक्ती लाभधारक ठरत नाही. हप्ते हिंदू अविभक्त कुटुंबाच्या खात्यातून किंवा भागीदारी पेढीच्या खर्चखाती गेले असतील, तर भावाभावांत नेमका याच वाक्यावर वाद उभा राहू शकतो. हप्ता स्वतःच्या उचल खात्यातून जावा आणि तो तसा वहीत दिसावा, ही साधी दक्षता आहे. हिशेबाच्या बाबतीत काटेकोर म्हणविणाऱ्या समाजात ती पाळली जात नसेल तर नवल म्हणावे लागेल.

तिसरी गोष्ट देणेकऱ्यांची, आणि ती जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे. कापडाचा, किराण्याचा किंवा द्राक्षबागांना लागणाऱ्या खते-औषधांचा व्यापार उधारीवर चालतो. मालक अचानक गेला तर घेणे बुडीत निघते आणि देणे मात्र दारात उभे राहते. साध्या पॉलिसीची रक्कम अशा वेळी देणेकऱ्यांच्या दाव्यात ओढली जाण्याचा संभव असतो. यावर विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीचा १८७४ चा अधिनियम आहे. त्याचे कलम ६ सांगते की विवाहित पुरुषाने पत्नीच्या, मुलांच्या अथवा दोघांच्या लाभासाठी असे पॉलिसीवरच नमूद करून स्वतःच्या जीवनाचा विमा उतरविला, तर ती रक्कम त्यांच्यासाठी न्यास ठरते. ती पतीच्या मालमत्तेत धरली जात नाही आणि त्याच्या देणेकऱ्यांचा तिच्यावर हक्क चालत नाही. प्रारंभी हा कायदा आपल्याकडील विवाहांना लागू नव्हता. पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९२३ पासून हिंदू, मुसलमान, शीख आणि जैन यांनी घेतलेल्या पॉलिसींना तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. कायद्याच्या शब्दांत 'जैन' हा उल्लेख स्वतंत्रपणे आहे आणि शंभर वर्षे होऊन गेली तरी बाजारपेठेत या सोयीची माहिती फारच थोड्यांना आहे.

मात्र हिचा स्वभाव नामनिर्देशनाच्या अगदी उलट आहे. नामनिर्देशन केव्हाही बदलता येते; या कायद्याखालील पॉलिसीचे लाभधारक एकदा ठरले की विमाधारकाला ते आपल्या मर्जीने बदलता येत नाहीत, पॉलिसी मोडून पैसे स्वतःकडे घेता येत नाहीत किंवा तिच्यावर स्वतःसाठी कर्ज उचलता येत नाही. कलम ३९ तिला लागूच होत नाही. तेव्हा ती पूर्ण विचारान्ती, सुरुवातीलाच घ्यावी. जुन्या पॉलिसीला मागाहून हे कवच घालता येत नाही. देणेकऱ्यांना बुडविण्याच्या हेतूनेच पॉलिसी घेतली असे सिद्ध झाले, तर त्यांचा हक्क शाबूत राहतो, हेही त्याच कलमात आहे. ज्याला सुरतेच्या पेढीचे पैसे द्यायचेच नाहीत, त्याच्यासाठी ही तरतूद नाही.

शेअर आणि म्युच्युअल फंड यांवरील नामनिर्देशनालाही हेच नियम लागू आहेत असे कोणी समजू नये. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांचे २०१३ मध्ये निधन झाल्यानंतर त्यांच्या गुंतवणुकीवरील नामनिर्देशनाबाबत कुटुंबात निर्माण झालेला प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की कंपनी कायद्याखालील नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. मृत्युपत्र किंवा उत्तराधिकार कायदाच चालेल. म्हणजे एकाच तिजोरीतील दोन कागदांवर एकच नाव असले, तरी त्याचा अर्थ दोन ठिकाणी दोन होऊ शकतो.

मृत्युपत्राने पॉलिसीचे नामनिर्देशन बदलता येते, असे कलम ३९ मध्येच म्हटले आहे. परंतु त्याची लेखी सूचना विमा कंपनीला पोहोचली नसेल आणि कंपनीने दप्तरी नोंदलेल्या व्यक्तीला सद्भावनेने रक्कम दिली असेल, तर कंपनीवर जबाबदारी राहत नाही. मृत्युपत्र वकिलाच्या कपाटात आणि जुने नाव कंपनीच्या दप्तरात, अशा स्थितीत पैसे आधी दप्तरातल्या नावाकडे जातात. डायरीत लिहिलेली इच्छा, भावाला तोंडी सांगून ठेवलेली गोष्ट, प्रतिनिधीच्या हाती दिलेला आणि त्याच्याच पिशवीत राहिलेला अर्ज, यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. बदल पॉलिसीवर पृष्ठांकित होऊन कंपनीच्या दप्तरी नोंदला गेला पाहिजे.

त्यासाठी लागणारा खटाटोप एका दुपारचा आहे. पॉलिसीची सेवा ज्या शाखेकडे आहे तेथे छापील अर्ज मिळतो. नव्या व्यक्तीचे पूर्ण नाव, वय, नाते आणि एकापेक्षा अधिक नावे असल्यास हिश्शाची टक्केवारी लिहावी. नाव आधार कार्डावर जसे आहे तसेच असावे. लग्नानंतर बदललेले नाव एका कागदावर आणि माहेरचे दुसऱ्यावर, यामुळे दाव्याच्या वेळी नाहक पत्रव्यवहार वाढतो. साक्षीदाराच्या सहीसह अर्ज आणि मूळ पॉलिसी शाखेत द्यावी, दिल्याची पोच त्याच वेळी घ्यावी. नियमाने ठरलेली किरकोळ फी असल्यास ती भरावी. नोंद झाल्याचे लेखी पत्र देणे कंपनीवर कायद्याने बंधनकारक आहे. ते पत्र येईपर्यंत काम अपुरे समजावे आणि आल्यावर पॉलिसीलाच जोडून ठेवावे. ज्यांची नावे त्यावर आहेत त्यांना पॉलिसीचा क्रमांक आणि तिजोरीतील तिची जागा त्याच दिवशी दाखवावी.